फिरंगी पाते : ओळख, खूण आणि संग्रह
मराठा शस्त्रपरंपरेच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

बुलढाणा जिल्ह्यातील मोताळा तालुक्यात रोहिणखेड हे गाव आहे. वऱ्हाड आणि खानदेश यांना जोडणाऱ्या वाटेवर ते वसले असल्यामुळे दख्खनच्या इतिहासात दोनदा रणभूमी ठरले. इ. स. १४३७ मध्ये बहमनी सरदार मलिक-उत्-तुज्जार खलफ हसन याने खानदेशच्या नासीरखान फारुकीचा येथे पराभव केला. पुढे १५९१ मध्ये बुऱ्हाण निजामशहा आणि जमालखान यांच्यात येथेच लढाई झाली. तीत जमालखान मारला गेला व बुऱ्हाणला अहमदनगरचे तख्त मिळाले. या दोन लढायांमध्ये सुमारे दीडशे वर्षांचे अंतर आहे. शस्त्रांच्या इतिहासाच्या दृष्टीने हे अंतर फार मोलाचे आहे. पहिल्या लढाईच्या वेळी युरोपातून थेट समुद्रमार्गे येणारे पोलाद दख्खनला ठाऊक नव्हते. दुसऱ्या लढाईपर्यंत पोर्तुगीजांना गोवा घेऊन (१५१०) ऐंशी वर्षे झाली होती. निजामशाहीच्या चौल बंदरात त्यांचा किल्ला उभा होता आणि १५७०-७१ मध्ये चौलला निजामशाहीचा वेढाही पडून गेला होता. व्यापार, नजराणा आणि लूट या तिन्ही वाटांनी परदेशी पाती दख्खनच्या सिलेखान्यात शिरू लागली होती. या पात्यांनाच मराठीत ‘फिरंग’ असे नाव पडले.

महाराष्ट्रातील अनेक जुन्या घराण्यांच्या देवघरात आणि वस्तुसंग्रहालयांत आजही फिरंगा आहेत. त्यांच्याविषयी सांगितल्या जाणाऱ्या माहितीत ‘हे पाते स्पेनचे आहे’, ‘टोलेडोचे आहे’ ही विधाने हमखास आढळतात. या विधानांचा आधार बहुधा पात्यावरील अक्षरे किंवा छाप एवढाच असतो. हा आधार कितपत पुरेसा आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

फिरंगेचे स्वरूप

‘फिरंग’ हा शब्द ‘फ्रँक’ या लोकनामावरून अरबी-फारसीमार्गे आला. युरोपीय माणूस तो फिरंगी आणि त्याच्याकडील पाते ती फिरंग. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवणे अवश्य आहे. फिरंग ही पूर्णतः परदेशी तलवार नव्हे. पाते परदेशी व मूठ देशी, असा तो संयोग आहे. युरोपातून बहुधा नुसती पाती येत. त्यांना येथील कारागीर खंड्याच्या धाटणीची मूठ बसवीत. बोटांचे रक्षण करणारी रुंद परज, वर कटोरी आणि कटोरीतून निघालेला गज, अशी ही मूठ असे. जोरकस वार करताना दुसऱ्या हाताने गज धरता येई. मुठीच्या पोकळीत तापवलेली लाख भरून पात्याचे शेपूट पक्के केले जाई, आणि मुठीपासून निघालेल्या लांब पट्ट्या पात्याच्या दोन्ही अंगांना रिव्हेटने ठोकल्या जात. सरळ, लांब पात्याच्या तलवारीला मराठीत ‘धोप’ असेही म्हणत. पुष्कळदा धोप आणि फिरंग ही नावे एकाच शस्त्राला लावलेली दिसतात.

परदेशी पात्याला एवढी मागणी का होती, याचे उत्तर धातुशास्त्रात आहे. दख्खनचे मुशीत आटवलेले पोलाद जगप्रसिद्ध होते. त्यापासून घडवलेल्या पात्यावर पाण्याच्या लाटांसारखे जौहर उमटे आणि धार विलक्षण तीक्ष्ण असे. परंतु असे पाते वाकवले तर मोडण्याचा धोका असे. सर टॉमस रो या इंग्रज वकिलाबरोबर १६१६ च्या सुमारास जहांगीरच्या दरबारी आलेला पाद्री एडवर्ड टेरी याने नेमके हेच नोंदवले आहे. येथील तलवारी धारदार असल्या तरी वाकण्याऐवजी तुटतात, म्हणून वाकून पुन्हा सरळ होणाऱ्या युरोपीय पात्यांना येथे चांगली किंमत येते, असे त्याचे निरीक्षण आहे. घोड्यावरून लांबचा वार करणाऱ्या स्वाराला लांबी, हलकेपणा आणि लवचीकपणा हे तिन्ही गुण एका पात्यात हवे असत. फिरंगेचा मान तिच्या परदेशीपणामुळे नव्हे, या उपयुक्ततेमुळे होता असे म्हणावे लागते.

स्पेनचे नाव आणि जर्मनीचा माल

सोळाव्या-सतराव्या शतकांत तलवारीच्या पात्यांसाठी युरोपातील काही नगरे नावाजलेली होती. स्पेनमधील टोलेडो, इटलीतील मिलान, बेल्लुनो व जिनोआ, आणि जर्मन प्रदेशातील पासाउ व सोलिंगेन ही त्यांतील प्रमुख होत. टोलेडोची कीर्ती सर्वांत मोठी. तेथील कारागीर मऊ लोखंडाचा गाभा पोलादी थरांत बसवून पाते घडवीत. पात्याची लवचीकता त्यातून येई. १५८० ते १६४० या काळात पोर्तुगालचे राज्य स्पेनच्याच राजाच्या अमलाखाली होते. त्यामुळे टोलेडोची पाती लिस्बनमार्गे गोव्यास येण्याला राजकीय अडसर नव्हता. येथवर सर्व सुसंगत वाटते आणि म्हणूनच ‘टोलेडोची फिरंग’ ही कल्पना लोकांच्या मनात घट्ट बसली.

अडचण पुढे येते. सोळाव्या शतकातील आलोन्सो दे साहागुन हा टोलेडोचा नामांकित पातेकार होता. ‘साहागुम’ अशी अक्षरे असलेली पाती युरोपभर मोठ्या संख्येने मिळतात. पण त्यांतील बहुसंख्य सोलिंगेनमध्ये तयार झालेली आहेत. बेल्लुनोच्या आंद्रेआ फेरारा याच्या नावाचेही तेच. स्कॉटलंडमधील शेकडो तलवारींवर त्याचे नाव निरनिराळ्या वर्णलेखनांत आढळते आणि तीही बव्हंशी जर्मन घडणीची आहेत. पळता लांडगा ही मुळात पासाउची खूण. ती सोलिंगेनने उचलली. दातेरी अर्धवर्तुळांची जोडी ही जिनोआशी जोडलेली खूण जर्मन, ऑस्ट्रियन आणि कॉकेशियन कारागिरांनी वापरलीच, शिवाय हिंदुस्थानातील लोहारांनीही आपल्या देशी पात्यांवर ती सर्रास कोरली. छाप म्हणजे आजच्या अर्थाने कारखान्याचे नाव नव्हते. गिऱ्हाइकाला ज्या नावावर विश्वास वाटतो ते नाव, असा त्याचा व्यवहारी अर्थ होता.

पात्यावरील आकड्यांचाही घोटाळा होतो. ‘१४१४’ यांसारखे आकडे असलेली जर्मन पाती पुष्कळ आहेत. हे आकडे म्हणजे सन नव्हे. ते शुभसूचक किंवा गूढ अंक म्हणून घातलेले असत. असे पाते एखाद्या वाड्यात मिळाले आणि आकडा सन म्हणून वाचला गेला, तर वास्को द गामाच्या आधी ऐंशीहून अधिक वर्षे ती फिरंग दख्खनमध्ये पोचल्याचा निष्कर्ष निघेल.

स्पॅनिश घडीच्या सुरीचा दाखला

या प्रश्नाचा सर्वांत बोलका दाखला तलवारीत नव्हे, स्पेनच्याच एका सामान्य शस्त्रात सापडतो. ‘नवाहा’ ही स्पेनची घडीची मोठी सुरी. शब्दाचे मूळ वस्तऱ्याच्या लॅटिन नावात आहे. पाते मुठीत मिटते आणि उघडताना पात्याच्या बुडाशी पाडलेले दाते स्प्रिंगला अडखळत सरकून करकर असा आवाज होतो. शेतकरी, खेचरवाले, खलाशी आणि गुंड या सर्वांच्या कमरेला ती असे. तलवार बाळगण्याचा मान सरदारांचा. सामान्य माणसाची शस्त्राची गरज या सुरीने भागवली. अठराव्या शतकात बोर्बाँ राजांनी अशा सुऱ्यांवर वारंवार बंदी घातली. बंदी वारंवार घालावी लागली, यातच तिचे अपयश दिसून येते. ला मांचा प्रदेशातील अल्बासेते हे या धंद्याचे मुख्य नगर होते आणि तेथे २००४ मध्ये सुऱ्या-चाकूंचे स्वतंत्र संग्रहालय सुरू झाले.

जुन्या नवाहांचा संग्रह करणाऱ्यांसमोर प्रारंभीपासून एक पेच उभा राहिला. स्पॅनिश घाटाच्या, स्पॅनिश मजकूर कोरलेल्या एकोणिसाव्या शतकातील अनेक सुऱ्या प्रत्यक्षात फ्रान्समधील थिएर येथे तयार झालेल्या निघाल्या. तेथील कारखानदार स्पेनच्या बाजारपेठेसाठी मुद्दाम स्पॅनिश धाटणीचा माल बनवीत. त्यामुळे मजकुराची भाषा उत्पत्तीचा पुरावा म्हणून निरुपयोगी ठरली. जाणकार संग्राहक मग इतर गोष्टींकडे वळले. खाचा हाताने कानस घासून केल्या आहेत की यंत्राने एकसारख्या पाडल्या आहेत, मुठीचे शिंग आणि पितळी पत्रा कसे जोडले आहेत, खिळे कोणत्या धातूचे आहेत, स्प्रिंगची घडण कशी आहे, अशा बाबी ते तपासू लागले. कारण ग्राहकाच्या नजरेस पडणारे नाव नकलाकार आधी उचलतो. खिळा ठोकण्याची सवय मात्र तो आपल्या गावचीच ठेवतो.

टोलेडोच्या बाबतीत जुन्या खुणांची यादी करण्याचा प्रयत्न १७६२ मध्ये फ्रान्सिस्को दे सांतियागो पालोमारेस याने केला. तीत ९९ पातेकारांच्या खुणा आहेत. आदल्याच वर्षी तिसऱ्या चार्ल्स राजाने मोडकळीस आलेला हा धंदा सावरण्यासाठी टोलेडोत सरकारी कारखाना सुरू केला होता. ही यादी उपयुक्त आहे. परंतु एखादी खूण यादीत आहे म्हणून पाते टोलेडोचे, असे म्हणता येत नाही. नकलाकारांनीही याच खुणा निवडल्या होत्या. मराठा शस्त्रांच्या अभ्यासकांना हा धडा जसाच्या तसा लागू पडतो.

ओळखण्याची रीत

फिरंग तपासताना प्रथम मूठ व पाते यांचा काळ स्वतंत्रपणे ठरवावा. दोन्ही एकाच वेळी घडले असे गृहीत धरणे ही सर्वांत मोठी चूक होय. चांगले पाते तीन-तीन पिढ्या वापरले जाई आणि मूठ प्रत्येक वेळी बदलली जाई. मुठीची धाटणी अठराव्या शतकाची असली तरी पाते त्याहून शंभर वर्षे जुने असू शकते. उलट प्रकारही घडतो. मोडलेल्या फिरंगेचा टोकाकडील तुकडा कट्यारीला बसवण्याची रीत दक्षिणेत रूढ होती, आणि तंजावरच्या भोसल्यांच्या सिलेखान्यातील कट्यारींत अशी फिरंगी पाती विशेष आढळतात.

त्यानंतर पात्याची प्रकृती पाहावी. पात्यावर जौहर असेल तर पोलाद बहुधा पौर्वात्य आहे, मग त्यावर कोणाचेही नाव असो. युरोपीय पात्यावरील पन्हळी अरुंद, एकसारख्या आणि स्वच्छ कडांच्या असतात. देशी अनुकरणात त्यांची खोली कमीजास्त होते व शेवटी त्या वाहवत जातात. मुठीजवळचा पात्याचा भाग बिनधारी आहे का, हेही पाहावे, कारण युरोपीय मुठीसाठी घडवलेल्या पात्यात तो असतो. पात्यावरील छाप पुष्कळदा देशी मुठीच्या पट्ट्यांखाली दडलेले असतात. त्यामुळे वर काहीच दिसत नाही म्हणून पाते बिनखुणेचे ठरवू नये, आणि खूण शोधण्यासाठी पट्ट्याही उचकटू नयेत. क्ष-किरण छायाचित्राने हे काम शस्त्राला धक्का न लावता होऊ शकते.

अक्षरांचा विचार याच्या नंतर करावा. लॅटिन अक्षरे ज्याला वाचता येत नव्हती अशा कारागिराने ती नुसती आकृती म्हणून कोरली असतील, तर अक्षरे उलटी पडतात, त्यांचा क्रम बिघडतो. अशी बिघडलेली अक्षरे हा देशी नकलेचा उत्तम पुरावा आहे. मात्र केवळ त्यामुळे ते शस्त्र हलके ठरत नाही. दख्खनच्या एखाद्या लोहाराला टोलेडोचे किंवा जिनोआचे चिन्ह आपल्या पात्यावर असावेसे वाटले, ही सतराव्या शतकातील बाजारपेठेविषयीची प्रथम दर्जाची माहिती आहे. संग्रहालयांच्या फलकांवर अशा पात्यांना ‘बनावट’ म्हणणे अनुचित होय.

भवानी आणि जगदंबा

शिवछत्रपतींच्या तलवारीचा वाद याच प्रश्नातून उद्भवला आहे. गोवलेकर सावंतांनी महाराजांना एक फिरंग नजर केली, महाराजांनी ३०० होन देऊन तिचा स्वीकार केला व तिला ‘भवानी’ हे नाव दिले, अशी हकीकत शेडगावकर बखरीत आहे. देवीने तलवार दिल्याची कथा लोकमानसात रूढ असली, तरी बखरीतील ही हकीकत किनारपट्टीवरून फिरंगा कशा येत, याच्याशी जुळणारी आहे.

लंडनमधील राजसंग्रहात असलेली तलवार ही याहून निराळी गोष्ट. १८७५-७६ मध्ये तत्कालीन प्रिन्स ऑफ वेल्स हिंदुस्थानात आला असता कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजी महाराजांकडून ती त्याला मिळाली. कोल्हापूरच्या परंपरेत तिचे नाव ‘जगदंबा’ आहे. मूठ हिरे-माणकांनी मढवलेली असून सरळ, एकधारी पात्यावरील पन्हळींत आय, एच, एस ही अक्षरे तीन ठिकाणी उमटवलेली आहेत. ही अक्षरे येशूच्या नावाचे संक्षिप्त चिन्ह होत. अनेकांनी त्यावरून पाते पोर्तुगीज अथवा स्पॅनिश असल्याचे खात्रीने सांगितले. वस्तुतः हे चिन्ह एका देशाचे नाही. कॅथलिक युरोपात ते सर्वत्र चाले आणि त्या गिऱ्हाइकांसाठी पाती बनवणाऱ्यांनाही ते उपलब्ध होते. पाते युरोपीय आहे एवढेच त्यावरून म्हणता येते.

संग्रह, झीज आणि कायदा

एकोणिसाव्या शतकात हिंदी शस्त्रे त्यांच्या मूळ स्थानांवरून हलली. तंजावरचे संस्थान १८५५ मध्ये खालसा झाल्यानंतर तेथील सिलेखाना फुटला. १८५७ नंतर ठिकठिकाणी शस्त्रे जप्त झाली आणि १८७८ च्या शस्त्र कायद्याने उरलेल्यांवर परवान्याचे बंधन आले. त्याच सुमारास इंग्रज संग्राहकांची आवड वाढली. लॉर्ड एगर्टन याचा हिंदी शस्त्रांवरील सचित्र ग्रंथ १८८० मध्ये प्रसिद्ध झाला. एका हाताने शस्त्रे भट्टीत जात असताना दुसऱ्या हाताने त्यांच्या याद्या होत होत्या. मुंबई, पुणे, सातारा येथील संग्रहालये आणि नागपूरचे १८६३ पासूनचे मध्यवर्ती संग्रहालय यांमुळे काही भाग महाराष्ट्रात राहिला.

घराण्यांकडील शस्त्रांचा धोका वेगळा आहे. खंडेनवमीला शस्त्रपूजन होते आणि त्यापूर्वी तलवार घासून लख्ख केली जाते. पूर्वी शिकलगार हे काम जाणतेपणाने करीत. पुढे चिंच, राख, पॉलिश पेपर आणि कुठे कुठे विजेवर फिरणारे सहाणेचे चाक आले. छाप हा पात्यात फारच थोडा खोल असतो. दरवर्षीच्या घासणीने तो नाहीसा होतो आणि पन्हळीच्या कडाही बोथट होतात. श्रद्धेने केलेल्या या कृतीत शस्त्राचा इतिहास पुसला जात आहे, हे त्या कुटुंबांना कोणीतरी सांगितले पाहिजे. जिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना हे काम सहज करता येण्याजोगे आहे. छायाचित्र, लांबी, वजन, छापाचा ठसा आणि घरात सांगितली जाणारी हकीकत एवढी नोंद झाली तरी पुष्कळ साधेल.

या नोंदणीत कायद्याची भीती आड येते. ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची धारदार शस्त्रे शस्त्र नियमांच्या कक्षेत येतात, आणि शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार पुरावशेष ठरते. ती खाजगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. पहिल्या कायद्याच्या धाकाने तलवार माळ्यावर दडवली जाते व दुसऱ्याची माहिती नसल्याने ती भंगारात किंवा दलालाच्या हाती जाते. हातांतून हात बदलताना हकीकत गळून पडते. साताऱ्याच्या संग्रहालयात २०२४ मध्ये लंडनहून उसनवार आलेल्या वाघनखांचे उदाहरण येथे घेता येईल. ती ग्रँट डफला मिळाली असल्याचे कळते ते पेटीवरील मजकुरामुळे. पेटी हरवली असती, तर वाघनखांच्या लोखंडातून हे कधीही कळले नसते.

नागपूरकर भोसल्यांची फिरंग

२९ एप्रिल २०२५ रोजी लंडनच्या सदबीज या लिलावसंस्थेतून महाराष्ट्र शासनाने एक फिरंग ४७.१५ लाख रुपयांना मिळवली. ऑगस्ट २०२५ मध्ये ती मुंबईत आली. पाते सरळ, एकधारी व युरोपीय. मूठ मुल्हेरी घाटाची आणि सोन्याच्या कोफ्तगरीची. पात्याच्या पाठीवर देवनागरीत सोन्याने रघोजी भोसले यांचे नाव, ‘सेनासाहेब सुभा’ हे पद आणि ‘फिरंग’ हा शब्द आहे. मराठा शस्त्रावर धन्याचे नाव क्वचितच असते आणि येथे तर शस्त्राची जातही शस्त्रावरच लिहिलेली आहे. ‘फिरंग’ हे नाव संग्राहकांनी मागाहून दिलेले नसून मालकाच्या व्यवहारातले होते, हे या एका शब्दाने निर्विवाद झाले.

ही तलवार नागपूरच्या राज्याचे संस्थापक पहिले रघूजी (मृत्यू १७५५) यांची असल्याचे लिलावसंस्थेने व शासनाने म्हटले आहे. वऱ्हाडच्या दृष्टीने या माहितीचे मोल विशेष आहे, कारण भोसल्यांचा अंमल व महसुलातील वाटा या प्रदेशावर अर्धशतकाहून अधिक काळ होता आणि १८०३ च्या अडगाव व गाविलगडच्या पराभवांनंतर देवगावच्या तहाने तो संपला. तथापि भोसले घराण्यात रघूजी एकच झाले नाहीत. १८०३ मध्ये हरलेले ते दुसरे रघूजी (मृत्यू १८१६) आणि सेनासाहेबसुभा हे पद त्यांच्याकडेही होते. तेव्हा नाव आणि पद यांचा मेळ पहिल्या रघूजींइतकाच दुसऱ्यांशीही बसतो. टोलेडोच्या नावाबाबत जी शंका घ्यावी लागते तीच सोन्यात उमटवलेल्या या मराठी नावाबाबतही घ्यावी लागते. पाते युरोपात कधी घडले यावरून काही ठरणार नाही, कारण जुने पाते दोघांच्याही हाती असू शकते. निर्णय करायचा तर मुल्हेरी मुठीची इतर सनवार मुठींशी तुलना, पाठीवरील अक्षरवळणाची दोन्ही रघूजींच्या काळातील ताम्रपट व शिक्क्यांशी तुलना, आणि १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर नागपूरच्या खजिन्यातून व सिलेखान्यातून इंग्रजांकडे गेलेल्या वस्तूंच्या नोंदींचा शोध, या तीन मार्गांनी जावे लागेल. ती फिरंग आता महाराष्ट्रात असल्याने यांतील पहिली दोन कामे मुंबई आणि नागपूर येथेच करता येतील.